कोर्टहाउसच्या चौकातून: अमेरिकेतली "काही नसलेली" गावं आणि काउंट्या

कणीसवाला

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं आयोवात आहे, सीडर रॅपिड्सला. घरी फोन केला की मावशी अजून विचारते "म्हणजे शिकागोच्या जवळ ना रे?" आणि मी हो म्हणून टाकतो, गाडीनं चार तास आहे पण जाऊ दे. न्यूयॉर्क, नायगारा, ग्रँड कॅन्यनवर इथे ढिगानं धागे आहेत, पण ज्या गावांना आपण हायवेवरून पेट्रोल भरून टाटा करतो त्यांच्यावर एकही दिसला नाही म्हणून हा काढतोय.

सुरुवात घरापासूनच झाली. तीन वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा वकिलानं एक जाडजूड गठ्ठा समोर आपटला, ॲब्स्ट्रॅक्ट म्हणतात त्याला. दुसऱ्या राज्यांत घर घेताना टायटल इन्शुरन्स (मालकीहक्काचा विमा) काढतात, आयोवात कंपन्यांना तो विकायलाच बंदी आहे, त्यामुळे जमिनीचा सगळा इतिहास कागदांवर चालत चालत तुमच्यापर्यंत येतो. म्हणजे सात-बारा आणि झाडून सगळे फेरफार एकत्र शिवून दिलेत असं समजा. कोणी कोणाला विकली, कोण वारलं, वारस किती, बँकेचा बोजा कधी चढला आणि कधी उतरला. बायको म्हणाली टाक कपाटात, मी मात्र रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. भाऊबंदकी इथेही आहे बरं का, एका पानावर चार भावांच्या सह्या आहेत आणि पाचव्याची नाही, त्यावरून पुढची सहा पानं नुसती कोर्टाची.

सगळ्यात पहिल्या नोंदीत देणार कोण? तर युनायटेड स्टेट्स. घेणार एक शेतकरी, भाव एकरी सव्वा डॉलर. आणि जमिनीचं वर्णन असं: अमुक सेक्शन, टाउनशिप ८३ उत्तर, रेंज ७ पश्चिम, पाचवा प्रिन्सिपल मेरिडियन. हा काय प्रकार म्हणून शोधायला गेलो आणि तिथून जो नाद लागला तो अजून सुटला नाही.

तर प्रकार असा. १७८५ साली यांच्या काँग्रेसनं कायदा केला की विकायच्या आधी सगळी जमीन चौकटीत मोजायची. मोजणी सुरू झाली ओहायो आणि पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवर, ईस्ट लिव्हरपूल गावाजवळ. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. त्यातला १६ नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखलेला. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्यात जे १६० एकर देऊ केले ते म्हणजे या सेक्शनचा बरोब्बर पाव तुकडा. (आपल्याकडे दोन गुंठ्यांच्या बांधावरून तीन पिढ्या बोलत नाहीत आणि इथे १६० एकर. असो.)

आमच्याकडची मोजणी ज्या बिंदूपासून सुरू होते तो आहे थेट अर्कान्सात, एका दलदलीत! १८१५ साली दोन तुकड्या निघाल्या, एक उत्तरेकडे आणि एक पश्चिमेकडे, १८१२ च्या युद्धातल्या सैनिकांना द्यायची जमीन मोजायला, आणि त्यांच्या रेषा जिथे छेदल्या ते ठिकाण आज स्टेट पार्क आहे. तीन काउंट्या तिथे एकत्र येतात, लाकडी फळ्यांच्या वाटेवरून दलदलीत आत चालत जायचं, पाण्यात एक ग्रॅनाइटचा दगड उभा. टाउनशिपा तिथपासून मोजतात, माझी ८३ वी, म्हणजे ८३ गुणिले ६ करा, माझं घर त्या दगडापासून अंदाजे पाचशे मैल उत्तरेला येतं. मी मुद्दाम गेलो होतो बघायला. तिथे मी, एक कासव आणि असंख्य डास, बस.

अजून एक गंमत. आयोवात खेड्यातल्या रस्त्यावर गाडी चालवताना रस्ता नाकासमोर सरळ, सरळ, सरळ, आणि मग कारण नसताना अचानक उजवीकडे वळतो, थोडं जातो आणि परत उत्तरेला सरळ. ना ओढा, ना टेकडी, ना कुणाचं घर. मी बरीच वर्षं समजत होतो की कुणा पाटलानं जमीन दिली नसेल. ती खरं तर करेक्शन लाइन असते, पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींकडे झुकत जातात, मग चौकटी चौकोनी ठेवायच्या तर अधूनमधून रेषा सरकवून घ्यावी लागते. म्हणजे त्या वळणावर तुम्ही पृथ्वीच्या गोलाईमुळे स्टिअरिंग फिरवता! हे कळल्यापासून मी प्रत्येक वेळी गाडीत सांगतो आणि प्रत्येक वेळी पोरं डोळे फिरवतात.

या चौकटींवर बसल्या काउंट्या. आयोवात ९९ आहेत, आणि बहुतेकांत काउंटीचं मुख्य गाव साधारण मध्यात, गावाच्या मध्यात चौक, चौकाच्या मध्यात कोर्टहाउस. शेतकऱ्यानं घोडागाडीनं निघावं, कर भरावा, कागद नोंदवावा आणि दिवे लागायला घरी परत यावं असा हिशोब. आम्ही आता महिन्याला एक काउंटी करतो, ३१ झाल्या. आवडलेल्या सांगतो:

विंटरसेट, मॅडिसन काउंटी. चौकात चुनखडीच्या दगडाचं घुमटवालं कोर्टहाउस, आणि आसपास छप्पर असलेले लाकडी पूल. एकेकाळी १९ होते, आता ६. छप्पर कशाला, तर पुलाची जमीन करायला लागणाऱ्या मोठ्या तुळया महाग, त्या पावसापाण्यानं कुजू नयेत म्हणून. वरची कौलं-फळ्या बदलणं स्वस्त. आत उभं राहिलं की जुन्या लाकडाचा वास येतो, आमच्या वाड्याच्या माळ्यासारखा.

वेस्ट ब्रँच, सीडर काउंटी. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर १८७४ साली जिथे जन्मले ते घर. १४ फूट बाय २० फूट, दोन खोल्या. आमची पुण्याची पहिली भाड्याची जागा याहून मोठी होती. त्याच आवारात त्यांची समाधी.

अमाना, आयोवा काउंटी (हो, राज्य पण आयोवा आणि काउंटी पण). १८५५ पासून जर्मन धार्मिक पंथाची सात गावं, सगळी मालमत्ता सामायिक, घरात स्वैपाकघरच नाही, पन्नासच्या वर सामायिक भटारखाने. १९३२ ला हे मोडलं आणि दोनच वर्षांत तिथे फ्रिज बनवायला लागले. हा तो अमाना ब्रँड.

तुमच्या आसपासच्या गावांबद्दल लिहा. मॉल, आउटलेट आणि देवळं सोडून.

तिरकस

छान लिहिलंय. पण दीडशे वर्षांच्या इमारतीला ऐतिहासिक म्हणतात तेव्हा मला हसू येतं राव. आमच्या गावच्या वेशीवर म्हशी बांधतात, ती तीनशे वर्षांची आहे.

आणि मूळ शंका: काउंटी म्हणजे जिल्हा की तालुका? गेली सहा वर्षं ओहायोत राहून हे मला कळलेलं नाही, विचारायची लाज वाटते.

कणीसवाला

@तिरकस, कामानं जिल्हा, आकारानं तालुका. आमच्याकडची सर्वसाधारण काउंटी २४ मैल बाय २४ मैल. न्यायालय, शेरीफ, जमिनीच्या नोंदी, प्रॉपर्टी टॅक्स, लग्नाचं लायसन्स सगळं काउंटीत. फक्त कलेक्टर नाही, लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड कारभार बघतं. आमच्याकडे नोंदी ठेवणारा रेकॉर्डरसुद्धा निवडून येतो, म्हणजे तलाठ्याची निवडणूक!

म्हशींचं म्हणाल तर मान्य. पण तुमच्या वेशीवर कुठल्या साली कोणी बांधली याची पाटी आहे का? इथे वीस घरांच्या गावातपण पाटी असते.

तिरकस

पाटी आहे. नगरसेवकाच्या वाढदिवसाची.

एक_टेक्सन

😂😂

आमच्या टेक्सासात २५४ काउंट्या. सगळ्या देशात सर्वात जास्त. लव्हिंग काउंटी म्हणून आहे पश्चिमेला, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६४. चौसष्ट हजार नाही, चौसष्ट. आमच्या सोसायटीच्या गणपतीला याहून जास्त लोक नुसते प्रसादाच्या रांगेत असतात. तरी तिथे कोर्टहाउस आहे, शेरीफ आहे, मेंटोन नावाचं काउंटीचं गाव आहे.

डॅलसच्या उत्तरेला आपली निम्मी जनता फ्रिस्कोत राहते पण नाव कशावरून ते कोणाला माहीत नसतं. सेंट लुइस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेला लोक फ्रिस्को म्हणायचे, त्या रेल्वेवरचं हे गाव. फ्रिस्कोचा बराचसा भाग कॉलिन काउंटीत, तिचं मुख्य गाव मॅकिनी, आणि गंमत म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाची, कॉलिन मॅकिनी, टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. आडनाव गावाला, नाव काउंटीला, काही वाया घालवलं नाही.

डेंटनचं कोर्टहाउस नक्की बघा, १८९६ ला बांधायला घेतलेलं, रात्री दिवे लावतात, चौकात पोरं गिटार घेऊन बसलेली असतात. २०२० पर्यंत तिथे कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या, सैनिकाचा पुतळा होता, १९१८ साली बसवलेला. यादवी युद्ध संपलं १८६५ ला, पुतळा ५३ वर्षांनी. तेव्हा हा पुतळा नेमका कोणाला दिसावा म्हणून कोर्टाच्या दारात उभा केला असेल याचा विचार करा. आता काढलाय. मी त्याच्याखाली कित्येकदा आइस्क्रीम खाल्लंय आणि वर मान करून कधी वाचलंसुद्धा नव्हतं.

लोणारची_लेक

धागा आवडला, वाचनखूण साठवली. पण कणीसवाले, एक विचारू? तुमच्या त्या गठ्ठ्यात पहिल्या पानावर "देणार युनायटेड स्टेट्स" आहे. मग युनायटेड स्टेट्सला कोणी दिली? त्याच्या आधीचा फेरफार कुठाय?

मी डे मॉइनला असते. आयोवाची पूर्वेकडची पट्टी १८३२ च्या तहात सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळ रहिवाशांकडून घेतली, त्यांच्यातल्या ब्लॅक हॉक या पुढाऱ्याचं युद्ध हरल्यावर. पुढे अजून तह झाले आणि त्यांना कॅन्ससला पाठवलं. पण मेस्क्वाकी लोकांतले काही परत आले, काही गेलेच नव्हते. आणि १८५७ साली त्यांनी टामा काउंटीत रोख पैसे मोजून ८० एकर जमीन विकत घेतली. स्वतःचीच जमीन, गिऱ्हाईक म्हणून. गव्हर्नरच्या नावावर विश्वस्त म्हणून ठेवली कारण त्यांच्या नावावर होत नव्हती. आज ती आठ हजार एकरांच्या वर आहे. त्याला रिझर्व्हेशन (मूळ रहिवाशांसाठी सरकारनं राखलेली जमीन) म्हणायचं नाही, सेटलमेंट म्हणायचं, कारण ती सरकारनं दिलेली नाही. तुमच्या ३१ मध्ये टामा आहे का?

आणि ईशान्येला इफिजी माउंड्स. मिसिसिपीच्या काठावर उंच कड्यांवर मातीचे उंचवटे, दोनशेच्या वर, काही अस्वलाच्या आकाराचे, काही पक्ष्याच्या. कोलंबस यायच्या कितीतरी आधीचे. तिथे जमिनीवरून चालताना आकार कळत नाही, गवत कापताना कडा मुद्दाम उंच ठेवतात म्हणून अस्वल दिसतं. तेव्हा दीडशे वर्षं म्हणू नका @तिरकस.

कणीसवाला

@लोणारची_लेक, टामा झाली पण मी कोर्टहाउसचा फोटो काढून, 'पाय' (pie) खाऊन परत आलो. खजील झालो. या शनिवारी परत जातो.

ॲशबर्नकर

आमच्या व्हर्जिनियातल्या ॲशबर्नहून तासाभराच्या आत हार्पर्स फेरी, वेस्ट व्हर्जिनिया, जेफरसन काउंटी. इथली मंडळी जातात, नदीत पाय बुडवतात, पॉइंटवर फोटो काढतात आणि येतात. खाली शेनांडोआ आणि पोटोमॅक यांचा संगम, तीन राज्यं एका नजरेत. मी पहिल्यांदा आईला नेलं तर ती म्हणाली वाईला आल्यासारखं वाटतंय पण घाट नाही. गावात तीनशेसुद्धा लोक राहत नाहीत.

ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राऊननं इथल्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला, गुलामांना हत्यारं देऊन उठाव करायचा म्हणून. फसला. अग्निशमन बंबाच्या छोट्या विटांच्या खोलीत कोंडले गेले, आणि त्यांना पकडायला मरीन घेऊन कोण आला, तर रॉबर्ट ई. ली, जो पुढे दक्षिणेचा सेनापती झाला. आता त्या खोलीचीच कथा ऐका. १८९१ ला ती वीट वीट सुटी करून शिकागोच्या १८९३ च्या जत्रेत नेली, तिथे फार कोणी फिरकलं नाही, मग परत आणून एका शेतावर उभी केली, मग १९०९ ला स्टोरर कॉलेजच्या आवारात, आणि १९६८ ला खाली मूळ जागेच्या शेजारी. शेजारी का, तर मूळ जागेवर रेल्वेचा भराव आहे. एवढी फिरलेली इमारत दुसरी नसेल. स्टोरर कॉलेज म्हणजे यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या शिक्षणासाठी १८६७ ला निघालेली संस्था, तीही टेकडीवर बघा.

पण या धाग्याला शोभेल असं ठिकाण त्याच काउंटीतलं चार्ल्स टाउन. तिथल्या कोर्टहाउसमध्ये ब्राऊनवर राजद्रोहाचा खटला चालला, २ डिसेंबर १८५९ ला त्याच गावात फाशी. आणि त्याच कोर्टहाउसमध्ये १९२२ साली कोळसा खाणकामगारांच्या पुढाऱ्यांवर परत राजद्रोहाचे खटले! एका लहानशा गावाच्या कोर्टात दोनदा. मी गेलो तेव्हा पायरीवर एक बाई सॅंडविच खात होती, मला म्हणाली पार्किंगचं तिकीट भरायला आलात का, खिडकी मागच्या बाजूला आहे.

अवांतर: व्हर्जिनियात काउंटीचं गणित वेगळंच. इथली ३८ शहरं कुठल्याच काउंटीत नाहीत, स्वतंत्र. फेअरफॅक्स काउंटीचं जुनं कोर्टहाउस फेअरफॅक्स शहराच्या पोटात आहे आणि ते शहर त्या काउंटीत नाही. जॉर्ज वॉशिंग्टनचं मृत्युपत्र त्याच कोर्टाच्या दप्तरात आहे.

जर्सीतली_आजी

मुलांनो, इतकं छान वाचायला मिळालं की नातीकडून टायपिंग शिकून लिहिते आहे, चुका पोटात घाला.

तुम्ही सगळे लांबलांबची गावं सांगता आहात. आमच्या युनियन काउंटीत रोझेल नावाचं गाव आहे. एडिसन गावात राहणारी आपली मंडळी त्याच्या शेजारून रोज ट्रेननं जातात आणि कोणाला पत्ता नसतो. १९ जानेवारी १८८३ ला थॉमस एडिसननं खांबांवरून तारा टाकून वीज नेण्याचा पहिला प्रयोग या रोझेलला केला. तिथलं चर्च विजेच्या दिव्यांनी उजळलेलं पहिलं.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्या गावात कोण आलं असेल? आपली आनंदीबाई जोशी. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली आणि कार्पेंटर मावशी तिला घेऊन गेल्या त्या रोझेललाच. अठरा वर्षांची पोर. या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं म्हणे, तिथून हे सगळं. कल्याणची मुलगी, पणतीच्या उजेडात वाचलेली, आली ती सरळ विजेच्या गावात. ऑक्टोबरात ती फिलाडेल्फियाला कॉलेजात गेली.

मी मागच्या वर्षी मुलाला म्हटलं मला तिथे ने. तो म्हणाला आई तिथे बघण्यासारखं काही नाही. गेलो तर खरंच काही नाही, साधी घरं, एक शाळा, वळणावर डोनटचं दुकान. मी गाडीतून उतरून दोन गल्ल्या पायी चालले. तेवढंच.

एक_टेक्सन

आजी, दंडवत. हे माहीतच नव्हतं.

हडसनकाठ

आजींच्या पोस्टला जोडून. मी पोकिप्सीजवळ राहतो, डचेस काउंटी, न्यूयॉर्क राज्य. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या, पोकिप्सी रूरल सेमेटरी, लॉट २१६-ए. अजून तिथेच आहेत. दगडावर नाव, एम. डी., १८६५-१८८७, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. आजूबाजूला सगळे डच आणि इंग्रजी आडनावांचे दगड आणि मध्ये हे "जोशी".

पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊण तास सापडेना, स्मशान केवढं तरी मोठं, हडसनच्या कडेला उतरत गेलेलं. बायको म्हणाली मोगऱ्याचं नाही तर नाही, निदान घरची झेंडूची फुलं तरी नेऊ, ती पिशवीत कोमेजली. शेवटी गवत कापणाऱ्या काकांना विचारलं, त्यांनी यंत्र बंद केलं, कानावरचं काढलं आणि म्हणाले "द इंडियन डॉक्टर?", आणि थेट नेऊन उभं केलं. म्हणाले वर्षातून काही वेळा लोक येतात, बायका दगडाला हात लावून कपाळाला लावतात, त्याचा अर्थ काय? मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि परत यंत्र सुरू केलं.

त्याच गावात १८८९ चा रेल्वेचा पूल आहे, नदीपासून २१२ फूट उंच, २००९ पासून पायी चालायला खुला. सव्वा मैलाच्या वर लांबी. कार्पेंटरबाई परत पोकिप्सीला आल्या असतील तेव्हा तो त्यांनी पाहिलाही असेल, कोण जाणे.

कणीसवाला

काय एकेक पोस्ट येताहेत. आता माझी फजिती ऐका. शनिवारी टामाला निघालो, पोरं मागे, फोनवरच्या नकाशानं जवळचा रस्ता म्हणून वळवलं एका कच्च्या रस्त्यावर. पाटी होती, "लेव्हल बी, आपल्या जबाबदारीवर जा". आयोवात असे रस्ते असतात, काउंटी त्यांची जेमतेम निगा राखते, ना खडी ना काही. मला वाटलं आपण कोकणात एसटी बघितलेली माणसं, याला काय घाबरायचं. आदल्या रात्री पाऊस झालेला. दोनशे फुटांवर गाडी काळ्या चिखलात अशी रुतली की दार उघडेना. दोन्ही बाजूला मका, फोनला रेंज नाही. तासाभरानं एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले, काही न विचारता साखळी लावली आणि ओढून काढलं. पैसे घेईनात. म्हणाले, या रस्त्यावरून माझा बापपण पावसानंतर गेला नाही. आणि मग मला म्हणाले, बघ, तू जिथे रुतला होतास ना, ती सेक्शनची हद्द.

मेस्क्वाकी सेटलमेंटला पोचलो दुपारी तीनला, म्युझियम बंद झालेलं. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन दारात उभं राहून परत आलो. आता तिसऱ्यांदा.

@हडसनकाठ, ऑगस्टमध्ये पूर्वेला येतोय, रोझेल आणि पोकिप्सी दोन्ही करायचं आहे. एका दिवसात होईल का?

हडसनकाठ

होईल, पण उलटं करा. सकाळी आधी पोकिप्सी, नाहीतर ऊन फार. आणि लॉटचा नंबर कागदावर लिहून आणा, आत नेटवर्क येत-जात असतं.

जर्सीतली_आजी

दुपारी रोझेलला याल तर मला फोन करा, मीपण येते. डबा मी आणते, तिथे डोनटशिवाय काही मिळत नाही.